जुने रिव्हॉल्व्हर दुकानात देताय? भाव ऐकण्याआधी हिशेब समजून घ्या

परवानाधारक वाचक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. वडिलांचे परदेशी पिस्तूल दुकानदार मातीमोल भावाने मागतो आणि नात्यातला कुणी सांगतो की त्याला लाखो रुपये मिळतील. स्वतः घेतलेले देशी रिव्हॉल्व्हर जेमतेम वापरले आहे, तरी अदलाबदलीत त्याचे निम्मेही पैसे धरत नाहीत. परवान्याची मुदत संपत आली आहे आणि दुकानदार म्हणतो, "आत्ता द्या, नाहीतर पोलीस जमा करतील." अशा वेळी नेमके करायचे काय?

बहुतेक वेळा दुकानदार लबाड नसतो आणि तुम्हीही हावरे नसता. तुम्ही दोघे एकाच वस्तूच्या दोन निरनिराळ्या किमतींबद्दल बोलत असता. त्या किमती वेगळ्या करून मांडल्या की व्यवहार रास्त आहे की नाही, ते तुमचे तुम्हाला कळते. हा लेख परवाना असलेल्या, म्हणजे कायदेशीर रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांपुरता आहे.

एका शस्त्राच्या चार किमती

जुने सोने मोडताना वजन, कस आणि त्या दिवसाचा भाव एवढे कळले की हिशेब होतो. शस्त्राला असा जाहीर भाव नसतो, म्हणून पुढच्या चार किमती मनात स्वतंत्र ठेवा.

- तुमच्या मनातली किंमत. घेतेवेळी मोजलेले पैसे, वडिलांची आठवण, कुणी तरी सांगितलेला आकडा. ही किंमत खोटी नाही, पण ती फक्त तुमच्यापुरती आहे. गिऱ्हाईक तिचे पैसे देत नाही.
- नव्याची किंमत. तसेच किंवा त्याच उपयोगाचे नवे शस्त्र आज करासह कितीला मिळते? २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला आहे. नवे महागले की चांगल्या स्थितीतल्या जुन्याचाही भाव वर सरकायला जागा होते. घासाघीस करताना हा मुद्दा जरूर मांडा.
- दुकानातली विक्रीची किंमत. तुमचेच शस्त्र उद्या दुकानात ठेवले तर पुढचे गिऱ्हाईक त्याला काय देईल?
- दुकानदाराची खरेदीची किंमत. तो आज तुमच्या हातात काय ठेवायला तयार आहे?

वाद होतो तो तिसऱ्या आणि चौथ्या किमतीत. त्या दोन्हींत तफावत राहणारच. ती किती असावी आणि कशासाठी, हे समजून घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

परदेशी शस्त्राला एवढा भाव का?

आपल्याकडे शस्त्राची किंमत गुणवत्तेइतकीच, कधी कधी तिच्याहून जास्त, टंचाईवर ठरते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकांसाठी शस्त्रांची आयात बंद झाली. त्याआधी देशात आलेली वेब्ली अँड स्कॉट, वॉल्थर, कोल्ट, ब्राउनिंग, स्मिथ अँड वेसन यांची शस्त्रे तेवढीच आहेत, त्यांत सहसा भर पडत नाही. म्हणून युरोप-अमेरिकेत सामान्य समजले जाणारे जुने पिस्तूल इथे नव्या देशी पिस्तुलापेक्षा कित्येक पट महाग विकले जाते.

देशी शस्त्राचे गणित याच्या उलट आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ रिव्हॉल्व्हर नवे मिळू शकते, त्यामुळे जुन्याची किंमत नव्याच्या खालीच राहते. २०१४ मध्ये 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्व्हर सुमारे सव्वा लाखाला बाजारात आले. २०२३ मध्ये 'प्रबल' आले. वेब्ली अँड स्कॉटची रिव्हॉल्व्हरेही आता उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात बनतात. पर्याय वाढले की जुन्या देशी मॉडेलचे आकर्षण कमी होते.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. 'वेब्ली' एवढे नाव पुरेसे नाही. ते बर्मिंगहॅमचे जुने आहे की हरदोईचे नवे, यावर किंमत पूर्ण बदलते. आणि देशी रिव्हॉल्व्हर कमी वापरले म्हणून ते नव्याच्या भावाने जाईल, ही अपेक्षा सोडा.

भाव आधी परवाना ठरवतो

शस्त्र कितीही देखणे असो, ते घेऊ शकणारी माणसे मोजकी असतात. खालच्या चार गोष्टी तपासल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

- बोअर कोणता? .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि .३२ चे, म्हणजे ७.६५ मिमीचे, पिस्तूल सर्वसाधारण परवान्यावर घेता येते. ९ मिमीचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. घेणारेच थोडे, म्हणून असे शस्त्र दुर्मीळ असूनही विकायला अवघड जाते.
- काडतुसे मिळतात का? .३२ ची काडतुसे देशात बनतात, त्यामुळे या बोअरला मागणी टिकून आहे. काडतूसच मिळेनासे झाले तर उत्तम पिस्तूलही कपाटातच राहते आणि भाव घसरतो.
- परवाना चालू आहे का? मुदत किती उरली आहे, राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन क्रमांक त्यावर आहे का, शस्त्राचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळतो का, हे पाहा. एका आकड्याची चूकसुद्धा व्यवहार महिनोन् महिने अडवू शकते.
- तुमच्याकडे एकूण शस्त्रे किती? शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे झाली. वारशाने तिसरे शस्त्र येणार असेल तर एक कमी करावे लागेल, याचा विचार आधीच करा. घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही.

तुमच्यापुढचे मार्ग

१. दुकानाला थेट विक्री. पैसे लवकर मिळतात आणि शस्त्र सांभाळायची जबाबदारी सुटते. किंमत मात्र सगळ्यांत कमी मिळते, कारण गिऱ्हाईक मिळेपर्यंतचा धोका दुकानदार घेतो.

२. अदलाबदल. जुने देऊन, वर फरक भरून नवे घ्यायचे. सोयीचे असते, पण हिशेब झाकला जातो तो याच मार्गात. त्याबद्दल पुढे सविस्तर पाहू.

३. दुकानात विक्रीसाठी ठेवणे. शस्त्र दुकानदाराच्या ताब्यात, पण मालकी तुमची. विकले गेले की दलाली कापून पैसे मिळतात. भाव चांगला मिळतो, वेळ मात्र लागतो. दलाली किती, किमान किंमत किती, मुदत किती, विकले न गेल्यास ठेवणावळ किती, ही चारही उत्तरे लेखी घ्या.

४. दुसऱ्या परवानाधारकाला थेट विक्री. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे, जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवावा लागतो. त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. मधला माणूस नसल्याने किंमत सर्वाधिक मिळते, पण घेणाऱ्याचा परवाना खरा आहे याची खात्री तुम्हालाच करावी लागते.

मार्ग कोणताही असो, परवाना शाखेची लेखी परवानगी किंवा ना हरकत तुमच्या जिल्ह्यात कशी मिळते, ते आधी विचारा. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत हे काम आयुक्तालयात होते, इतर ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.

दुकानात जाण्यापूर्वी

- घासूनपुसून चकाचक करू नका. हलक्या तेलाने पुसणे ठीक. जुन्या शस्त्राचा मूळ रंग खरवडून नवा चढवला की जाणकार गिऱ्हाईक दूर जाते. मूठ बदलली असेल आणि मूळची घरात असेल, तर ती सोबत न्या.
- चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका. चामडे ओल धरते. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे गंज आणखी लवकर चढतो. पडून राहिलेल्या शस्त्राची किंमत बऱ्याचदा याच कारणाने पडते.
- सोबतच्या वस्तू जमवा. मूळ खोके, जादा मॅगझीन, खरेदीचे बिल, जुने परवाने. परदेशी पिस्तुलाचे मूळ मॅगझीन हरवले असेल तर किंमत चांगलीच घसरते, कारण तसे दुसरे मिळणे कठीण असते.
- आधी छायाचित्रे पाठवा. दोन-तीन दुकानांकडून अंदाज घ्या. शस्त्राचा क्रमांक, परवाना आणि घरचा पत्ता मात्र व्हॉट्सॲपवर पसरू देऊ नका. ज्याच्याशी व्यवहार पक्का होईल, त्यालाच कागद दाखवा.
- रिकामे करूनच न्या. मॅगझीन काढलेले, सिलिंडर रिकामा, काडतुसे वेगळी, शस्त्र झाकलेले आणि मूळ परवाना जवळ. खात्री नसेल तर स्वतः उघडायचा प्रयत्न करू नका. निवडणुकीच्या आचारसंहितेचा काळ असेल तर शस्त्र घेऊन बाहेर पडण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारा.

दुकानदार काय पाहतो, तेच तुम्हीही पाहा

दुकानदाराने दोष सांगितला की तो दाखवायला सांगा. जाणता दुकानदार आनंदाने दाखवतो.

- नळी. आतले आटे स्पष्ट आहेत का? गंजाचे खड्डे आहेत का? वरवरचा गंज निघतो, खड्डे निघत नाहीत.
- सिलिंडर. रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढल्यावर सिलिंडर जागेवर घट्ट बसतो की हलतो? हलत असेल तर ती सुरक्षिततेची बाब आहे आणि किंमत कमी होणे योग्यच आहे.
- क्रमांक. सांगाडा, स्लाइड, नळी यांवर क्रमांक असतील तर ते परस्परांशी जुळतात का? भाग बदललेले असतील तर भाव उतरतो. क्रमांक खोडलेला किंवा घासलेला असेल तर प्रश्न किमतीचा उरत नाही. असे शस्त्र विकणे कलम ८ प्रमाणे बेकायदा आहे.
- चाचणीच्या खुणा. दाबाची चाचणी झाल्याच्या मुद्रा नळीवर असतात. बर्मिंगहॅम, लंडन किंवा ईशापूरच्या खुणांवरून शस्त्र खरोखर कुठले आहे, ते कळते. परदेशी नाव कोरलेली गावठी नक्कल ओळखायची हीच जागा.
- फेरफार. नळी आखूड केली आहे का? परवान्याशिवाय नळी कापणे कलम ६ प्रमाणे गुन्हा आहे.

एकाच शस्त्राला तीन दुकानांत तीन वेगळे दोष सांगितले गेले, तर स्वतंत्र आर्मररकडून, म्हणजे शस्त्रांच्या कारागिराकडून, तपासून घ्या. त्याची फी हजारांच्या घासाघिशीपुढे क्षुल्लक असते.

अदलाबदलीचा हिशेब: दोन आकडे वेगळे मागा

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून उदाहरण घेऊ. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

- पहिले दुकान: जुन्याचे ७०,००० रुपये धरते, नव्याची किंमत १,६०,००० सांगते. तुम्ही भरायचे ९०,०००.
- दुसरे दुकान: जुन्याचे ५५,००० धरते, तेच नवे १,३५,००० ला देते. तुम्ही भरायचे ८०,०००.

पहिल्या दुकानात तुमच्या जुन्या शस्त्राचा मान राखला गेला असे वाटते आणि माणूस खूश होऊन १०,००० रुपये जास्त देऊन येतो. जुन्याचा चढा भाव नव्याच्या चढ्या किमतीत भरून निघाला, हे लक्षात येत नाही.

म्हणून दुकानात हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा:

1. "मला जुने द्यायचे नाही असे समजा. नवे करासह कितीला पडेल?"
2. "मला नवे घ्यायचे नाही असे समजा. जुन्याचे रोख किती द्याल?"
3. "दोन्ही एकत्र केले तर फरक किती?"

तिसऱ्या उत्तरातला फरक पहिल्या दोन उत्तरांच्या वजाबाकीइतका किंवा त्याहून कमी असायला हवा. जास्त असेल तर अदलाबदलीत तुमचा तोटा आहे. अशा वेळी जुने एका ठिकाणी विका आणि नवे दुसरीकडून घ्या.

आणखी एक बाब. अदलाबदलीत परवान्यावरची जुन्या शस्त्राची नोंद कमी होऊन नव्याची चढावी लागते. नव्या शस्त्राची परवानगी हातात येण्यापूर्वी जुने पूर्णपणे देऊन टाकू नका. परवानगी अडकली तर शस्त्र गेलेले, पैसे दुकानात गुंतलेले आणि नवे हाती नाही, अशी अवस्था होते. मिळालेले पैसे 'आगाऊ जमा' म्हणून दुकानात ठेवावे लागत असतील, तर परवानगी नाकारल्यास ते रोख परत मिळतील, असे पावतीवर लिहून घ्या.

तफावत रास्त की अन्याय्य?

दुकानदाराला शस्त्रांची स्वतंत्र, सुरक्षित साठवण करावी लागते. प्रत्येक शस्त्राची नोंदवही ठेवावी लागते आणि तपासणीला उत्तर द्यावे लागते. योग्य बोअरचा परवाना असलेले गिऱ्हाईक यायला महिने जातात. ते आले तरी त्याच्या परवानगीची वाट पाहावी लागते. तोवर दुकानदाराचे पैसे अडकलेले असतात. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावर जीएसटी भरण्याची सोय आहे, तरी तोही खर्च आहेच. एवढ्या सगळ्याचा मोबदला त्याने घेणे योग्य आहे.

किती टक्के फरक रास्त, याचा एकच आकडा नाही. सहज विकल्या जाणाऱ्या .३२ च्या चांगल्या परदेशी पिस्तुलावर फरक कमी असायला हवा. मागणी नसलेल्या बोअरवर किंवा दुरुस्ती लागणाऱ्या शस्त्रावर तो जास्त असणार. तीन दुकानांचे भाव जवळपास असतील तर तोच बाजारभाव समजा, तुमच्या मनातला आकडा काहीही असो. दोघांचे भाव जुळतात आणि एकाचा खूपच खाली आहे, तर त्याला कारण विचारा.

व्यवहारात अन्याय आहे, हे पुढच्या लक्षणांवरून ओळखा:

- भाव लेखी द्यायला नकार.
- शस्त्र 'दाखवायला' ठेवून घेणे, पण क्रमांकासह पावती न देणे.
- आधी "हे भंगार आहे" म्हणणे आणि तसेच शस्त्र दुकानात मोठ्या किमतीला मांडलेले असणे.
- मुदत, पोलीस, जप्ती यांची भीती घालून त्याच दिवशी सही मागणे.
- बिलावर एक रक्कम आणि हातात दुसरी.

शेवटचे तर कधीच मान्य करू नका. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. चांगले परदेशी पिस्तूल ही मर्यादा सहज ओलांडते. पूर्ण रक्कम बँकेतूनच घ्या.

वारशाने आलेले शस्त्र

परवानाधारकाचे निधन झाले की घरात शस्त्र असते आणि परवाना कुणाच्याच नावावर नसतो. अशा वेळी दोन चुका होतात. कुणी मुलगा चांगल्या हेतूने ते पिशवीत घालून दुकानात नेतो. कुणी भीतीने वर्षानुवर्षे कपाटात दडवून ठेवतो. दोन्हींत विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा लागू शकतो. पुढीलप्रमाणे करा:

1. शस्त्राला हात लावण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत जोडा. पोच घ्या.
2. शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचे की परवानाधारक दुकानदाराकडे, ते आणि नेण्याची पद्धत त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. दुकानात ठेवणावळ पडते, पण तेलपाणी होण्याची शक्यता अधिक असते. पावतीवर क्रमांकासोबत शस्त्राची स्थितीही लिहून घ्या.
3. ठेवायचे असेल तर वारसाच्या नावाने परवान्याचा अर्ज करा. इतर वारसांची लेखी संमती लागते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारक हयात असतानाही, त्यांची सत्तरी झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे जवळ असल्यास, वारसाला परवाना मिळू शकतो. घरात वयोवृद्ध परवानाधारक असतील तर हे आत्ताच करा.
4. विकायचे असेल तर शस्त्र कायद्याचे कलम २१ लक्षात ठेवा. कायद्याने जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत पात्र व्यक्तीला विकण्याचा, किंवा विकून घेण्याचा, आणि त्याचे पैसे मिळवण्याचा हक्क ठेवीदाराला असतो. त्याच्या पश्चात तो वारसाला मिळतो. मुदत उलटली तर शस्त्र सरकारजमा होऊ शकते. जमा करतानाच ही मुदत विचारून वहीत तारीख टिपून ठेवा.

वारस पुण्यात असो की न्यू जर्सीत, हा हक्क तोच राहतो. परदेशातल्या वारसाने परवाना शाखेला मान्य होईल असे अधिकारपत्र देऊन विक्री करून घ्यावी आणि पैसे थेट आपल्या भारतातल्या खात्यात मागवावेत.

"पोलीस जमा करतील" ही धमकी ऐकून जे लोक मिळेल त्या भावाला शस्त्र सोडतात, त्यांना हे माहीत नसते की जमा करणे म्हणजे मालकी गमावणे नव्हे. रीतसर जमा केले की घाई संपते आणि भाव करायला अवधी मिळतो.

आणखी एक गैरसमज: "फार जुने आहे, परवाना कशाला?" दुरुस्त करूनही न चालणाऱ्या, कालबाह्य शस्त्रांना कायद्यात काही सवलत आहे. तुमचे शस्त्र त्यात बसते का, हे तुम्ही किंवा दुकानदाराने ठरवायचे नसते. परवाना शाखेचे लेखी मत घ्या.

या सापळ्यांपासून दूर राहा

- "परवान्यासकट विकतो/घेतो." परवाना व्यक्तीला असतो, शस्त्राला नाही. त्याची विक्री होत नाही.
- ऑनलाइन जाहिराती आणि आगाऊ रक्कम. शस्त्राचे छायाचित्र दाखवून पैसे उकळणे सोपे असते. दुकानाचा परवाना आणि पत्ता प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.
- परराज्यातला घेणारा. त्याने दाखवलेल्या परवान्याची, यूआयएनची आणि त्यावरच्या क्षेत्राची खात्री त्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडून करून घ्या. बनावट परवान्यांची प्रकरणे घडलेली आहेत.
- "आधी शस्त्र द्या, कागद नंतर करू." अशा विक्रीला २०१९ नंतर किमान सात वर्षांची शिक्षा होऊ शकते. ओळखीपाळखीचा माणूस असला तरी नाही म्हणा.
- उरलेली काडतुसे. ती शस्त्रासोबत भेट द्यायची वस्तू नाही. त्यांचीही नोंद आणि पावती करा.

तुमचे हक्क आणि दाद

- भाव पटला नाही तर शस्त्र परत घेऊन निघण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तपासणीची फी आधी सांगितली नसेल तर ती देण्याचे बंधन मानू नका.
- अदलाबदलीत तुम्ही नव्या शस्त्राचे ग्राहक असता. बिलात नव्याची किंमत, कर आणि जुन्यापोटी धरलेली रक्कम वेगवेगळी मागा.
- नव्या शस्त्रात दोष निघाला किंवा कबूल केलेला भाव पाळला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.
- शस्त्र परत देण्यास टाळाटाळ झाली, पावती नाकारली किंवा नोंदीत गडबड दिसली, तर तो ग्राहकवादापुरता विषय उरत नाही. परवाना प्राधिकाऱ्याकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. दुकान त्यांच्याच देखरेखीखाली चालते.

व्यवहाराच्या दिवशी

हे सहा कागद हातात आल्याशिवाय दुकानातून निघू नका:

1. शस्त्राचा प्रकार, कंपनी, बोअर आणि क्रमांक असलेली सही-शिक्क्याची पावती.
2. किंमत, दलाली किंवा फरक स्वतंत्र दाखवणारे बिल.
3. रक्कम बँकेत आल्याचा पुरावा.
4. दुकानाच्या परवान्याचा क्रमांक आणि वैधता, बिलावर किंवा प्रतीत.
5. तुमच्या परवान्यावर दुकानदाराने केलेली विक्रीची नोंद.
6. परवानगीच्या किंवा सूचनेच्या अर्जाची पोच.

त्यानंतर परवाना शाखेत जाऊन शस्त्राची नोंद तुमच्या नावावरून कमी झाली आहे का, ते स्वतः पाहा. ही नोंद राहिली तर उद्या त्या शस्त्राचे जे काही होईल, त्याचा पहिला जाब तुम्हाला विचारला जाईल. भावात हजार-दोन हजार कमी मिळाले तर ते पुढे-मागे भरून निघतील. परवान्यावर राहिलेल्या नोंदीचे ओझे मात्र तुमच्या आणि तुमच्या मुलाबाळांच्या डोक्यावर राहील. त्यासाठी परवाना शाखेत आणखी एक खेप घालावी लागली तरी घाला आणि नोंद कमी झाल्याचा लेखी पुरावा घेऊनच परत या.